टोकियोत फक्त टाळ्यांना परवानगी होती

जपानने परदेशी पर्यटकांना दार उघडलं ती बातमी मला मुलाकडून कळली. मी लेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये, फार्मसीत, कुणाच्या तरी डिस्चार्जच्या गोळ्या तपासत उभी होते. खिशात फोन वाजला. रोहनचा मेसेज होता: "आई, नाऊ नो व्हिसा. यू कॅन जस्ट कम." मी तो वाचला आणि त्या पेशंटच्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतल्या, कारण आधी काय तपासलं होतं ते डोक्यातून साफ गेलं होतं.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझे प्रवास माहीत आहेत. स्कॉटलंडमधले किल्ले, यॉर्कशरमधला पाऊस, वेल्समधला आणखी पाऊस. जपानबद्दल कधी लिहिणार, असं बऱ्याच जणांनी विचारलं, आणि मी आज-उद्या करत राहिले. आता लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, यात चेरीची फुलं नाहीत, फुजी पर्वत सगळे दिवस ढगात होता, आणि आम्ही दोघं नवरा-बायको एवढ्या लांब गेलो ते एक कुस्ती बघायला. ज्यांना फक्त उपयोगाची माहिती हवी आहे त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल.

रोहन आमचा एकुलता एक. जन्म लेस्टरचा. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याने एक दिवस घरी येऊन सांगितलं की तो कॉलेज सोडतोय आणि कुस्तीगीर होणार आहे. आता कुस्ती म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जी येते ती ही नव्हे. ही दोरांच्या चौकटीतली, रंगीत कपड्यांची, आधीच निकाल ठरवून खेळलेली कुस्ती. पडणं खरं असतं, पण विव्हळणं बरंचसं नाटकी. जपानमध्ये हिचे दर्दी प्रेक्षक आहेत.

माझा नवरा, अविनाश, ऑर्थोपेडिक सर्जन. मूळचा सांगलीकडचा. त्याचं लहानपण कुस्तीच्या मैदानांवर गेलेलं, हलगी वाजायला लागली की शाळा सोडून पळणारा. त्याच्या लेखी पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, आणि मुलगा जे करत होता ते सोंग. "खोटं मारतात, खोटं पडतात, आणि त्यासाठी याने खरं करिअर सोडलं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला ते पाढ्यासारखं पाठ झालं. बाप-लेकाचं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं. ते दोघं फोनवर हवामान आणि गाडीचं सर्व्हिसिंग, एवढंच बोलायचे.

तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला म्हणून रोहन टोकियोला गेला आणि पाठोपाठ कोविड आला. जपानने दारं लावून घेतली. बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही, म्हणून तो तिथेच राहिला, आखाड्याच्याच वसतिगृहात. तीन महिन्यांची जवळजवळ तीन वर्षं झाली. त्या काळात माझ्या फार्मसीतून काय काय गेलं आणि अविनाशला ऑर्थोपेडिक्स सोडून कुठल्या वॉर्डात उभं राहावं लागलं ते इथे लिहीत नाही. रोज घरी आल्यावर मुलगा पडद्यावर दिसायचा, हात लावता यायचा नाही, एवढं पुरे.

मेसेज आला त्या संध्याकाळी अविनाश म्हणाला, "तू जाऊन ये."

दोन दिवसांनी तो जिन्याखालचं कपाट उघडून त्याची छोटी बॅग ओढताना दिसला. "तिकडे दोन स्वेटर पुरतील ना?" त्याने विचारलं. आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात.

आता थोडी कामाची माहिती. लेस्टरहून हीथ्रोला आम्ही कोचने गेलो. पार्किंगपेक्षा ते खूपच स्वस्त पडतं, फक्त एम-वन मोटरवेच्या भरवशावर राहू नका, हाताशी भरपूर वेळ ठेवा. जपान सरकारच्या वेबसाईटवर लशीची प्रमाणपत्रं आधी चढवावी लागायची, आणि सगळं मंजूर झालं की फोनचा पडदा निळा व्हायचा. विमानतळावर सगळे आपापले निळे फोन पुढे धरून चालत होते. युद्धामुळे रशियावरून उडता येत नव्हतं, म्हणून विमान उत्तरेकडून लांबचा वळसा घेऊन गेलं. खिडकीखाली नुसता बर्फ. अविनाशने पूर्ण प्रवासात तीन पिक्चर सुरू केले आणि एकही संपवला नाही.

शाकाहारी असाल तर मी केलं तेच करा. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांतून थेपल्यांची पाकिटं घ्या, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या. जपानमध्ये दिसायला भाजीचं असलेलं सूपसुद्धा माशाच्या पाण्यात केलेलं असतं. दुकानातले भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यातला आंबट आलुबुखारा भरलेला चालतो. अविनाशला काहीच वर्ज्य नाही, त्याची चंगळ होती, पण तो दोन घास खाऊन चॉपस्टिक खाली ठेवायचा.

टोकियोत पहिली गोष्ट जाणवली ती मास्क. आमच्याकडे लेस्टरच्या बसमध्ये तोवर एकाच्याही तोंडावर मास्क उरला नव्हता. इथे रिकाम्या फुटपाथवरून एकटा चालणारा माणूससुद्धा मास्क लावलेला. ट्रेनमध्ये कुणी बोलत नव्हतं. माझ्यासारख्या बडबड्या बाईने दुसऱ्या दिवसापर्यंत कसंबसं निभावलं.

आणि रोहन भेटला नाही. त्यांच्या कुस्तीच्या कंपनीचा नियम होता, दौरा संपेपर्यंत बाहेरच्या कुणालाही भेटायचं नाही, मग ते आईवडील का असेनात. एकाला लागण झाली की पूर्ण दौरा रद्द. रोहनने हे आधी सांगितलं होतं आणि मी हो हो म्हटलं होतं, पण आपला मुलगा आता मेट्रोच्या चार स्टेशनांवर आहे हे माहीत असताना देवळं बघत हिंडणं काही खरं नाही. आम्ही एका मोठ्या देवळात गेलो. वाटेवरच्या दुकानांपैकी निम्मी बंद होती, शटरवर रंगवलेली चित्रं तेवढी दिसत होती. धूप जळत होता. मी काय मागितलं ते सांगायची गरज नाही. बाहेर आल्यावर अविनाश म्हणाला, "बूट ओले झाले."

शो रविवारी दुपारचा होता. हॉल एका जुन्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर. लिफ्टला रांग म्हणून आम्ही जिन्याने चढलो. भिंतींवर वर्षानुवर्षं चाहत्यांनी लिहिलेलं होतं, आपल्याकडे किल्ल्यांवर लिहितात तसं, फक्त इथे कुणी ते पुसायचं मनावर घेतलं नव्हतं. दारात ताप तपासला, हातांवर सॅनिटायझर, तिकीट आपणच फाडून डब्यात टाकायचं. आतमध्ये दर थोड्या अंतरावर एकेक कर्मचारी मोठी पाटी धरून उभा. जपानीत, आणि खाली इंग्रजीत: आवाज करू नका, टाळ्यांनी प्रोत्साहन द्या.

याबद्दल रोहनने फोनवर सांगितलेलं होतं, पण ते प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय कळत नाही. हजारभर माणसं, सगळी भरलेली बाकडी, आणि कुणी एक शब्द ओरडत नाही. मारामारी सुरू झाली की फक्त मारामारी ऐकू येते. छातीवर बसलेला पंजा, दोरांचा करकर आवाज, बुटांची घसट, माणसांचा श्वास. एरवी आरडाओरड्यात हे सगळं बुडून जातं. इथे शेवटच्या रांगेतसुद्धा पैलवानाचं धापा टाकणं ऐकू येत होतं. आणि मग टाळ्या. त्यांचा ठरलेला ठेका असतो, एकाने धरला की पूर्ण हॉल तोच धरतो. कोणी आडवा पडला की तो ठेका सुरू करायचा. अर्थ एकच: ऊठ.

अविनाश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मैदानात लोक इतके गप्प बसले असते तर पैलवान घरी निघून गेले असते."

माझ्या डाव्या बाजूला माझ्याच वयाची एक जपानी बाई बसली होती. गळ्यात जांभळा टॉवेल, त्यावर रोहनचं रिंगमधलं नाव. हो, ते नाव सांगायचं राहिलंच. डॉक्टर रो. मेडिकल सोडलेल्या आमच्या चिरंजीवांनी खलनायक म्हणून रूप घेतलं होतं ते दुष्ट इंग्रज डॉक्टरचं. मी हे अविनाशला तीन वर्षं सांगितलं नव्हतं. मी त्या बाईच्या टॉवेलकडे बोट केलं आणि फोनच्या भाषांतरावर लिहिलं, "मी त्याची आई." तिने वाचलं, उभी राहिली, आणि इतकी खाली वाकून नमस्कार केला की पुढच्या रांगेतला माणूस दचकला. मग तिने फोनवर मला लिहून दाखवलं, "कठीण काळात तुमचा मुलगा इथे राहिला. धन्यवाद." मास्कमुळे तिला माझा चेहरा दिसला नाही हे बरं झालं.

रोहन आला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, पाठीवर जपानी अक्षरं. खांदे रुंद झाले होते. तीन वर्षांनी मी माझ्या मुलाला बघत होते आणि मला त्याचं नाव घ्यायची परवानगी नव्हती. तो कोपऱ्यावर चढला, स्टेथोस्कोप कानात घालून प्रेक्षकांच्या काळजाचे ठोके ऐकायचं नाटक केलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी भीतभीत अविनाशकडे बघितलं.

"उलटा घातलाय," तो म्हणाला.

"काय?"

"स्टेथोस्कोप. कानातलं उलटं घातलंय." आणि मास्कच्या आत तो हसला. त्यानंतर किती तरी दिवस मी ते हसू आठवत राहिले.

पहिला अर्धा सामना मजेचा होता. समोरचा गडी आडदांड, रोहनपेक्षा दीडपट. रोहन लबाडी करायचा, पंचांमागे लपायचा, मार बसला की इंग्रजीत गळा काढायचा, "ओ माय बॅक! कॉल अ डॉक्टर!" शेजारची बाई खूश होऊन मांडीवर टॉवेल आपटत होती. मला वाटलं, बरं आहे की हे. कष्टाचं आहे, पण आनंदाचं आहे. अविनाशसुद्धा पुढे झुकून बघायला लागला होता.

मग त्या गड्याने रोहनला उचललं आणि मागे टाकलं. असं त्याआधी दोनदा टाकलं होतं. या वेळी तो पाठीवर पडण्याऐवजी मानेवर पडला. फरक तसूभराचा असेल. मला दिसला नाही. मला ऐकू आला.

"आई गं."

ओरडून नाही. हळू, छातीतून, चौथीत सायकलवरून पडला होता तेव्हाचा आवाज. रोहन घरात इंग्रजीच बोलतो, मराठी बोलायला लावलं की स्त्रीलिंग-पुल्लिंगाची खिचडी करतो. पण ठेच लागली, हात भाजला की अजून आमच्या दोघांसारखाच कळवळतो. नाटकातलं सगळं दुखणं त्याचं इंग्रजीत होतं. हे मराठीत आलं. हजार माणसांनी ते ऐकलं असणार, इतका तो हॉल शांत होता.

"उजवा हात," अविनाश पुटपुटला. त्याने माझा गुडघा घट्ट धरला होता. "हात बघ. हलवत नाहीये."

मी उभी राहिले. तोंड उघडलं होतं, आतून आवाज आलाच होता. पाटीवाली मुलगी वाकून वाकून धावत आली, पाटी माझ्यासमोर धरली आणि दुसऱ्या हाताने माझ्या हातांकडे खूण केली. टाळी. आवाज नको, टाळी वाजवा. तिचे डोळे अगदी विनवणीचे होते. काय करायचं ते मला कळेना. एवढंच कळत होतं की त्याने हाक मारल्यासारखं केलंय आणि मी ओ दिलेली नाही. मी टाळ्या वाजवायला लागले.

माझ्या हातांना दुसरा ठेका येत नाही. आमच्या लेस्टरच्या हॉलमध्ये दर वर्षी गणपती बसतो, तिथे आरतीला जो वाजवतो तोच हातांतून आला. टोकियोतल्या ठेक्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आजूबाजूची माणसं क्षणभर गोंधळली. मग शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं आणि तोच ठेका उचलला. मग मागची रांग. मग पलीकडची बाजू. बघता बघता टोकियोतला पूर्ण हॉल आरतीच्या टाळ्या वाजवत होता, आणि अविनाश माझी बाही ओढत म्हणत होता, "थांब. अगं थांब. नाहीतर तो उठेल."

मी थांबले. हॉल थांबला नाही.

रोहन उठला. डाव्या हाताने दोर धरून उठला. पुढे त्याने ठरलेलं सगळं केलं, डाव्या हाताने मारलं, आणखी एकदा तसाच उचलला गेला, आपटला आणि ठरल्याप्रमाणे हरला. आमच्या हातात काही नव्हतं. मला तेव्हा उठू नकोस म्हणायचं होतं. पडून राहा राजा, एवढंच. ते टाळ्यांत सांगायची सोय नव्हती.

शो संपल्यावर शेजारच्या बाईने डोळे पुसत मला फोन दाखवला. त्यावर लिहिलं होतं, "तुमच्या मुलाला दुखण्याचा अभिनय फार सुंदर जमतो."

आम्ही मागच्या दाराकडे गेलो. तिथल्या माणसाने अतिशय नम्रपणे सांगितलं की भेटता येणार नाही. अविनाशने त्याला इंग्रजीत सांगितलं, मी सर्जन आहे, त्याचा बाप आहे, मला त्याची मान बघायची आहे. माणूस पुन्हा वाकला. अविनाशने तेच परत हळू सांगितलं. तो परत वाकला. शेवटी आम्ही रस्त्यावर आलो. पाऊस नव्हता, पण अविनाशने छत्री उघडली आणि तशीच धरून चालत राहिला.

"खोटं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दौरा संपला होता आणि रोहनला सुट्टी होती. एका साध्या रेस्टॉरंटमध्ये भेटलो, जिथे बटण दाबलं की वाढपी येतो आणि कॉफी हवी तितकी घेता येते. टेबलाच्या मधोमध प्लास्टिकचा पारदर्शक पडदा उभा. एका बाजूला आम्ही दोघं, दुसऱ्या बाजूला तो. दारात मी त्याला मिठी मारली तेव्हा त्याने एकाच हाताने मारली.

"कसा होता प्रवास? आई, तू बारीक झाला," तो म्हणाला.

"झाला नाही, झाली. हात कसा आहे?"

"हात? फाईन. ते सेलिंग होता, आई. सेलिंग म्हणजे, दुखतंय असा दाखवायचा. दॅट्स द जॉब."

"तू आई गं म्हणालास."

तो हसला. "नो, मी असा कधी म्हणत नाही." मग हसणं थांबलं. त्याने प्लास्टिकच्या पडद्यावरचा डाग नखाने खरवडला. "ऐकू आला तुला?"

"सगळ्यांना ऐकू आलं. कळलं आम्हा दोघांनाच."

मी पिशवीतून थेपल्यांचं पाकीट काढून पडद्याच्या कडेने त्याच्याकडे सरकवलं. त्याने ते डाव्या हाताने घेतलं, दाताने फोडलं, आणि खाता खाता आपणहून सांगायला लागला.

"मी खाली होतो ना, तेव्हा रेफरीनी हळू विचारला, संपवायचा का? आय वॉज गोइंग टू से यस. हाताला फीलिंग नव्हता. आणि मग तो आरती सुरू झाला."

"कसली आरती?" अविनाशने विचारलं.

"टाळ्या, बाबा. गणपतीवाल्या. जपानमध्ये असा कुणी वाजवत नाही. मला लगेच कळला, ही आई आहे. मग मी विचार केला, आई इतक्या लांबून आलीये आणि म्हणतेय ऊठ, मग मी कसा झोपून राहणार?" तो माझ्याकडे बघून हसला. खूप प्रेमाने हसला. "सो आय गॉट अप."

मला त्याला सांगता आलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही. कॉफीच्या मशीनपर्यंत जाऊन मी तीन कप भरले, त्यातला एक सांडला.

परत आले तेव्हा अविनाशने पडद्याच्या खालच्या फटीतून हाताची दोन बोटं पलीकडे सरकवलेली होती. पेशंटला देतो तशी. "दाब," तो म्हणाला.

रोहनने डाव्या हाताने दाबली. अविनाशच्या बोटांची टोकं पांढरी पडली. "आता दुसऱ्या हाताने."

रोहनने उजवा हात टेबलावर आणला आणि बोटं धरली. मी बघत होते. अविनाशची बोटं जशी होती तशीच.

"दाब ना," अविनाश म्हणाला.

"दाबतोय, बाबा."

वाढपीण येऊन ताटं घेऊन गेली. अविनाशने बोटं काढून घेतली नाहीत. ते दोघं तसेच बसून राहिले, पडद्याच्या दोन बाजूंना, तीन वर्षांनी एकमेकांचा हात धरून.

"मानेत नस दबतीये," अविनाश शेवटी म्हणाला. आवाज क्लिनिकमधला होता, सरळ. "आत्ता थांबलास तर कदाचित सुधारेल. असंच पडत राहिलास तर एखाद्या दिवशी हात जाईल. किंवा हातापेक्षा जास्त. या आठवड्यात एमआरआय कर, इमेजेस मला पाठव."

"कंपनीला कळला तर ते मला काढतील. स्प्रिंगमध्ये टायटल मॅच आहे. थ्री इयर्स, बाबा. रिकाम्या हॉलमध्ये, कुणी ओरडत नाही, तरी मी केला. आता लोक परत ओरडणार. मला एकदा ते ऐकायचा आहे."

"घरी चल," मी म्हटलं.

"येतो, आई. स्प्रिंगनंतर."

अविनाश त्याला रागावेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "स्टेथोस्कोप उलटा घालतोस तू. कानातली टोकं नाकाच्या दिशेने हवीत." रोहन म्हणाला, बरं. स्टेशनवर निरोप घेताना बापाने मुलाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, आणि लगेच उचलून डाव्यावर ठेवला.

उरलेले दोन दिवस आम्ही तिकिटं काढून ठेवली होती म्हणून फिरलो. समुद्राकाठच्या एका गावातला बुद्ध बघितला. छान आहे, टोकियोहून लोकल ट्रेनने जाता येतं, सकाळी लवकर जा. मला त्याचा चेहरा आठवत नाही. लेस्टरला पोचलो तेव्हा बेलग्रेव्ह रोडवरचे दिवाळीचे दिवे अजून उतरवले नव्हते, आणि कोचमधून उतरल्यावर माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की मास्क आम्हा दोघांच्याच तोंडावर आहे.

तुम्ही आता गेलात तर यातलं काही दिसणार नाही. निळे पडदे गेले, पाट्या गेल्या, हॉलमध्ये लोक मनसोक्त ओरडतात. रोहनला ते ऐकायला मिळालं. टायटल मॅच झाली, त्याला विजेतेपदाचा पट्टा मिळाला, आता तो त्यापेक्षा मोठ्या हॉलमध्ये खेळतो. एमआरआय केला, सगळं फाईन आहे, असं तो म्हणाला. अविनाश दर फोनला विचारतो, "इमेजेस?" रोहन म्हणतो, "पाठवतो, बाबा." मग हवामान. तो स्प्रिंग गेला, त्यानंतरचेही गेले. एकदा आठवडाभर घरी येऊन गेला, जेवताना चमचा डाव्या हातात होता. अविनाशने बोटं पुढे केली तेव्हा म्हणाला, "नॉट अगेन, बाबा," आणि भांडी घासायला उठला.

गणपतीला मी अजून जाते. आरतीला सगळे टाळ्या वाजवतात तेव्हा मी मागे जाऊन प्रसादाच्या वाट्या मांडते. कुणाच्या लक्षात येत नाही.

रविवारी तिकडचा संध्याकाळचा शो आमच्याकडे सकाळी चहाच्या वेळी लागतो. अविनाश सोफ्याच्या कडेला बसून फक्त उजव्या हाताकडे बघत असतो. माझं काम ऐकायचं. रोहन आडवा पडला की मी आवाज पूर्ण वाढवते. आणि बरोबर त्याच वेळी पूर्ण हॉल त्याचं नाव घेऊन ओरडायला लागतो, हजारो माणसं, जीव तोडून, ऊठ म्हणून. त्यांच्या आवाजाखाली माझ्या मुलाचा आवाज आहे की नाही ते मला कळत नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते, तो उठेपर्यंत.